खड्ड्यातून येणारं उत्तर

आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. वडील बौद्ध, पेशाने शाळामास्तर. भुताखेताचा विषय कुणी काढला की ते समोरच्याला नीट बसवून विचारायचे — "तू स्वतः पाहिलंस? उजेड होता का?" समोरचा दुसऱ्या प्रश्नालाच गळायचा. मी त्या घरात वाढलो आणि पुढे कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलो. तिथे तर मशीन बंद पडलं की कारण असतंच. सापडलं नाही, तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच अर्थ. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगतो, निम्म्यांना मनात हसलोही आहे. आज स्वतःचा लिहायला बसलो, कारण फोनवर उच्चारलेला एक शब्द माझ्या छातीवर बसला आहे... तो शेवटी येईल.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. चंद्रपूरला माझं लहानसं ऑफिस होतं. गिऱ्हाईकाच्या गरजेप्रमाणे सॉफ्टवेअर लिहायचं, त्याची सुटी सुटी यंत्रं एका कॉम्प्युटरला जोडून द्यायची आणि पुढे ती सांभाळायची, हे काम. सांभाळणं म्हणजे मुख्यतः फोन उचलणं. एटापल्लीच्या लाकूड डेपोपासून वरोऱ्याच्या जिनिंगपर्यंत कुठूनही फोन यायचा, "सर, बंद पडलं."

त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे ब्रह्मपुरीच्या बाहेर, नागभीड रस्त्यावरची एक राईस मिल. वजनकाटा, धानाचा ओलावा मोजायचं यंत्र आणि मोटरींचं पॅनल, सगळं मी एका कॉम्प्युटरवर आणलं होतं. ऑफिसात बसलेला प्रकाश नावाचा ऑपरेटर एक बटन दाबायचा आणि मिल सुरू व्हायची.

मिलच्या आत जमिनीत एक खोल खड्डा असतो. गाडीतलं धान त्यात ओततात. तळाशी एलिव्हेटर असतो, म्हणजे लांब पट्ट्याला लावलेले लोखंडी डबे. ते धान उचलून वर नेतात. खाली धान अडकलं की माणसाला लोखंडी शिडीने उतरून ते मोकळं करावं लागतं. माणूस खाली असताना पट्टा फिरला तर काय होईल, ते लिहीत नाही.

माझं सॉफ्टवेअर येण्याआधी मिल सुरू करायचं काम सुखदेवभाऊंकडे होतं. साठीचा माणूस, बोलका, आणि अव्वल दर्जाचा वेळकाढू. आधी बिडी. मग खड्ड्यापाशी जाऊन, ओणवं होऊन, हात तोंडाशी धरून हाळी द्यायची, "कोन हाय अंदरऽऽ?" मग कान देऊन उभं राहायचं. पुन्हा हाळी, पुन्हा थांबणं. असं तीनदा. मग येऊन हँडल ओढायचं.

हमाल त्यांची टर उडवायचे. "भाऊ, कोनाले इचारून राह्यले? उंदराले?"

"तुह्या सासऱ्याले," भाऊ म्हणायचे. "पोरगी देऊन पस्तावला म्हनते."

मी एक दिवस बसून हे सगळं पाहिलं आणि मालकांना सांगितलं की यात फार वेळ जातो. खड्ड्याच्या झाकणाला मी एक स्विच लावला. झाकण उघडं असेल तर कॉम्प्युटर मोटर सुरूच होऊ देणार नाही. शिवाय आधी भोंगा वाजेल. माणसाच्या आवाजापेक्षा हे पक्कं, असं मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

सुखदेवभाऊ भोंगा ऐकायला मुद्दाम आले. "ओरडते चांगला, सर," ते म्हणाले. "पन आयकते काय?"

सगळे हसले. मीही हसलो.

त्यांना गेटवर बसवलं. तिथे त्यांचा जीव रमेना. काही महिन्यांनी ते नागभीडला मुलीकडे राहायला गेले. कुणी त्यांना काढलं नाही, हे खरं आहे. मी हे स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

झाकणाच्या स्विचनं पुढे त्रास द्यायला सुरुवात केली. मिलमध्ये कोंडा उडतो, तो आत जाऊन बसायचा, आणि झाकण बंद असलं तरी स्क्रीनवर 'उघडं' दिसायचं. मग प्रकाशचा फोन... आणि मी चंद्रपूरहून मोडेमवर, म्हणजे टेलिफोनच्या लाईनवरून, त्यांच्या कॉम्प्युटरात शिरून त्या स्विचला बायपास मारायचो. म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, स्विच काय म्हणतो तिकडे बघू नकोस. नंतर तिथे जाऊन साफ करू, असं दर वेळी ठरायचं. पुन्हा फोन नको म्हणून बायपासनंतर एकदा मोटरही मीच इथून चालवून बघायचो. आता हे लिहिताना बोटं जड होतात. तेव्हा ते रोजचं काम होतं.

धानाच्या हंगामातली दुपार. जेवणाची सुट्टी संपत आली होती. माझ्या मोबाईलवर प्रकाश. "सर, पुन्हा झाकन उघडं दाखवते. बाहेर गाड्याची लाईन लागली हाय. मालक माह्या डोक्यावर बसून हायेत."

"झाकण बघितलंस?"

"बंदच हाय, सर. दारातून दिसते मले."

"ठेव, करतो," म्हणालो आणि कॉल कापला.

लँडलाईनवरून मोडेम लावला. जुन्या मोडेमचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल — आधी टूं-टूं, मग किरकिर, मग खर्रर्र, आणि जोडणी झाली की एकदम शांत. त्या दिवशी जोडणी झाली. त्यांची स्क्रीन माझ्यासमोर उघडली. मोडेमचा स्पीकर मात्र शांत झाला नाही. खोल जागेत येतो तसा एक घूं आवाज येत राहिला. लाईन खराब असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. बायपास मारला. 'मोटर सुरू' वर आलो. एंटरवर बोट ठेवलं...

"कोन हाय अंदरऽऽ?"

मोडेममधून. स्पष्ट. तो शेवटचा ओढलेला स्वर मी हजारांतून ओळखला असता.

माझं बोट तसंच राहिलं. मग लांबून, खालून, दमलेल्या माणसाचा आवाज आला — "हाव, मी हाय." आणि त्याच्या मागोमाग, त्याहूनही खालून, अगदी सावकाश, दुसरा — "मी हाय."

मी मोडेमची वायर उपटली. का, ते माहीत नाही. मोबाईलवरून मिलच्या ऑफिसला फोन लावला आणि ओरडलो, "मेन स्विच पाड! खड्ड्यात बघ आधी!"

"काऊन, सर? झाकन—"

"प्रकाश, जा!"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पळणारे पाय. मग कितीतरी वेळ नुसता मिलच्या आवारातला गलका. एक बाई जोरात "अगं माय!" म्हणाली.

प्रकाश परत आला तेव्हा त्याला धड बोलता येईना. खड्ड्यात रामदास होता. त्यांच्यातला सगळ्यात चपळ हमाल, घरी दोन लहान मुली. तळाशी धान अडकलं म्हणून सुट्टीतच कुणाला न सांगता उतरला होता. मागून आलेल्या बाईनं झाकण उघडं पाहिलं, कुणी पडू नये म्हणून अर्धवट सरकवून ठेवलं आणि ती डबा धुवायला गेली. दारातून ते बंदच दिसत होतं. स्विच खरं बोलत होता.

भोंगा वाजला असता. पण तळापासून वर चढून झाकण ढकलायला तेवढा वेळ पुरत नाही. हे मला माहीत नव्हतं, कारण मी त्या खड्ड्यात एकदाही उतरलो नव्हतो.

रामदासला फोनवर बोलावलं. तो हसत होता! "सुखदेवभाऊनं आवाज देल्ला ना, सर. मी म्हनलं, मी हाय. कुठी गेले भाऊ?"

"तुझ्यासोबत खाली अजून कोण होतं?"

"कोनी नाई, जी. मी एकटाच."

भाऊ मिलमध्ये आलेच नव्हते. गेटवाल्यानं, मालकांनी, सगळ्यांनी सांगितलं. मी त्याच आठवड्यात नागभीडला गेलो. ब्रह्मपुरीहून जीप मिळाली. वाटेत दोन्ही बाजूंना कापलेलं धान पडलेलं, आणि मी वडिलांसारखे प्रश्न तयार करत होतो. भाऊ मुलीच्या अंगणात विहिरीपाशी बसले होते. तब्येत ठणठणीत.

मी काही विचारायच्या आधी मुलगीच तक्रार करू लागली. "सर, तुमीच समजवा आता बाबाले. रोज जेवन झालं का विहिरीत वाकून ओरडते, कोन हाय अंदर म्हनून. मोहल्ल्यातले पोट्टे हासतेत. म्हातारा पागल झाला म्हनतेत."

"हासू दे ना," भाऊ म्हणाले. "टाईम झाला का तोंडातून निंगते. आदत हाय."

म्हणजे त्या दुपारीही त्यांनी हाळी दिली होती. नागभीडच्या विहिरीत. ती ब्रह्मपुरीच्या खड्ड्यात रामदासला आणि चंद्रपूरला मला कशी ऐकू आली? नंतर टेलिफोन खात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलंही. त्याने लाईन तपासली. क्रॉस कनेक्शन म्हणावं तर त्या घरात फोनच नव्हता, आणि खड्ड्यातही नव्हता.

तिथेच अंगणात मी भाऊंना सगळं सांगितलं. रामदासचं ऐकून त्यांनी हात जोडले. मग मी म्हणालो, "पण भाऊ, उत्तरं दोन आली. खाली माणूस एकच होता."

भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी मुलीला चहा ठेवायला आत पाठवलं आणि जवळ सरकले.

"तुमाले बी आयकू आलं?"

मी मान हलवली.

"मंग आता आयका. मी तीनदा काऊन इचारो? एक आवाज तं रोजच ये. पयल्या दिवसापासून. आधी मी बी घाबरलो. कितीदा उतरून पायलं, कोनी नाई. मंग समजलं... एक आला का चालू कराचं. दोन आले का थांबाचं. तीनदा इचारलं म्हंजे मोजाले चुकत नाई."

"कोण आहे तो, भाऊ?"

"मी नाई इचारलं कदी. तो 'हाय' म्हने, मी 'हाव' म्हनो." मग विहिरीकडे बघत, "बहुत जुना वाटते बिचारा."

मी परत आलो आणि ते सॉफ्टवेअर बदललं. खड्ड्याच्या तोंडाशी एक बटन बसवलं. तिथे उभं राहून, हाळी देऊन, माणसाने स्वतः ते दाबल्याशिवाय मिल सुरू होणार नाही. बायपास कायमचा काढून टाकला. हाळी द्यायचं काम रामदासनं मागून घेतलं. भाऊंनी सांगितलेलं मी कुणाला बोललो नाही. काय म्हणून सांगणार?

नव्या पद्धतीच्या पहिल्याच दिवशी रामदासचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"सर, मी हाळी देल्ली. खालून आवाज येऊन राह्यला."

"सगळ्यांना अंगणात उभं कर. कोण कमी आहे बघ."

"केलं, सर. कोनीच कमी नाई. बॅटरी घेऊन उतरून बी पायलं, खाली कोनी नाई. वर येऊन पुन्ना इचारलं, तं पुन्ना म्हनते, 'मी हाय'."

"किती आवाज येतात, रामदास?"

"एकच, जी. काय करू? दाबू का नको?"

वर्षानुवर्षं लोकांनी फोनवर विचारायचं आणि मी सांगायचं, हेच तर माझं काम. बाहेर गाड्या उभ्या होत्या. त्याच्या मागे हमाल कुजबुजताना ऐकू येत होते. वडिलांचे दोन्ही प्रश्न आठवले, आणि दोन्हींची उत्तरं रामदासनं आधीच दिली होती.

मी म्हणालो, "दाब."

रिसीव्हर टेबलावर ठेवून तो गेला, आणि मोटर सुरू झाल्याचा आवाज फोनमध्ये आला. कुणाला काही झालं नाही. मिल नीट चालली, पुढेही चालत राहिली. दुसऱ्या दिवसापासून रामदासनं मला विचारणं बंद केलं. त्यालाही सवय झाली असावी, मी कधी खोदून विचारलं नाही. भाऊ आता नाहीत.

तो आवाज कुणाचा, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण खालून कुणीतरी "मी आहे" म्हणत होतं, हे मला माहीत होतं... आणि ते ऐकून मी "दाब" म्हणालो.