विटाळलेली प्लेट

मी हसलो होतो. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

बालाघाटची आमची प्रयोगशाळा. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पाण्याचा ताण पडला की धानाच्या रोपात कोणती प्रथिनं एकमेकांना धरतात, ते आम्ही यीस्टमध्ये पाहायचो. दोन प्रथिनं भिडली तरच प्लेटीत यीस्ट वाढायचं. आमचे प्रमुख, सर, म्हणायचे, "कोण कोणाले शिवते, येवढंच पाहाचं आहे आपल्याले." बुरशी चढून प्लेट वाया गेली की आमच्याकडे एकच शब्द. प्लेट विटाळली. मीही सर्रास म्हणायचो.

काचसामान धुवायला एक बाई होती. माझी सख्खी मावशी, खैरलांजीकडची. माझ्या आडनावावरून जात कळत नव्हती. तिच्या कळायची. इथं ओळख दाखवायची नाही, हे मीच तिला बजावलेलं. ती मला साहेब म्हणायची.

एका सकाळी सगळ्या प्लेटांवर काळी बुरशी. सरांनी एक प्लेट तिच्या तोंडापुढे धरली.

"हात लावला काय वं बाई? पाहा रे, ह्या खेपेले खराच विटाळ झाला!"

सगळे हसले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी तं सांगा. मी फक्त शिश्या धुतल्या."

मी हसलो. चांगलं तोंड उघडून.

तिनं ओले हात लुगड्याला पुसले. गेली. तिचं काम त्याच दिवशी सुटलं.

पुढच्या खेपेलाही बुरशी आली. सरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "आता कोणाचा विटाळ रे?"

"माहा, सर."

"म्हंजे?"

"ते बाई माही मावशी होये. तुमच्या प्लेटांले इतके वर्सं माहाच हात लागून राह्यला."

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "अबे, मजाक होता यार. तू तं आपला माणूस."

"नाही. मी तिचा."

त्या दुपारी माझा चहा वेगळ्या कपात आला. मी तो उचलला नाही. पुन्हा कधीच नाही.

पण हे काही मावशीनं ऐकलं नाही. तिनं ऐकलं ते माझं हसणं. इनक्यूबेटरचं दार उघडताना अजून ते माझ्याही कानात येतं. आणि तिच्या घरी गेलो की ती खुर्ची पुसून देते. "बसा, साहेब."

आज प्रयोगशाळा माझ्या हाताखाली आहे. तो शब्द मी तिथं कोणाला उच्चारू देत नाही. तेवढ्यानं काही फिटत नाही. तिचा हात धरून तिला त्याच खोलीत न्यायचं, आणि असतील तेवढ्या सगळ्यांसमोर मावशी म्हणून हाक मारायची. हे मी तिचं देणं लागतो.