चारही दारं, एकदम

आमच्या बाबांचे मित्र असलेल्या अमरावतीच्या चाचांइतका संशयी माणूस मी तरी जन्मात पाहिला नाही. गाड्यांना सेंट्रल लॉक बसवण्यात त्यांची हयात गेली, पण त्यांचा विश्वास एकाही कुलपावर नव्हता. बॅटरीची तार काढण्याआधी ते ड्रायव्हरची काच पूर्ण खाली घेत, मग बाहेर धुळीचं वादळ का असेना. एक किल्ली स्वतःच्या खिशात, दुसरी गाडीवाल्याच्या हातात, आणि गाडीवाला उन्हात उभा. एका वकिलांनी सावलीत खुर्ची मागितली, तर म्हणाले, "तार जोडली का दारं आपोआप लागून जातेत, सायेब. गाडीले वकील समजत नाई."

दुसरी खोड पुठ्ठ्याची. तार काढली की गाडी सगळं विसरते, म्हणून आधी ते तिच्या सवयी पुठ्ठ्यावर लिहून घेत. घड्याळ किती पुढे, रेडिओ कुठे लावलेला, कोणतं दार कधी उघडतं. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारे चाचा लोकांच्या घड्याळातली सात मिनिटं मात्र जशीच्या तशी परत करत.

बाबा भातकुलीला डॉक्टर होते. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. रोज एकटीने अमरावतीला जायचं, आणि हिच्या किल्लीचं बटण दाबलं की चारही दारं उघडत. दुसऱ्या दाराने कोणी आत शिरेल, अशी मला भीती वाटायची. "चाचा, फक्त माझंच दार उघडेल असं करा," मी म्हटलं.

फळीवरून बाबांच्या गाडीचा जुना पुठ्ठा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. 'चारही दारं, एकदम. पेशंट.'

"नापिकीच्या त्या सालांत शेतकरी जीव द्याले पिकावरच्या फवाऱ्याचं औषध पिऊन राहिले होते, बेटा. डॉक्टरसायेब त्याहीले मांगच्या सीटवर टाकून अमरावतीले आणत. एक डाव मांगचं दार उघडलंच नाई. चार जण ओढून राहिले होते."

"वाचला का तो?"

"वाचला. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच सायेब इथं आले. म्हणे, एक डाव दाबलं का चारही दारं उघडली पायजे."

बाबांना मी आयुष्यभर बेफिकीर समजत आले होते. मला लाज वाटली, तरी भीती गेली नाही. चाचांनी ते ओळखलं. "तुयं भेवबी खरं हाय. एकदा दाबलं तं तुयं दार, दोनदा दाबलं तं सारे." मग काच खाली घेऊन त्यांनी मलाही किल्ली दिली आणि उन्हात उभं केलं.

आता चाचाही नाहीत. परवा भातकुलीच्या स्टँडवर एक म्हातारी चक्कर येऊन पडली. दोघांनी तिला उचलून माझ्या गाडीपाशी आणलं. मी बटण दाबलं, तर माझंच दार उघडलं. म्हातारीला धरलेले दोघं मागचं दार ओढू लागले. मग पुन्हा दाबलं. बाबांना एकदाच दाबावं लागायचं.