उघड्या डोळ्यांची जोडी

"आत्ता पाहू नका त्याच्याकडं. त्याला बी दिसंल," असं म्हणत चाचा हातातल्या पितळी तोंडावर अंगठा ठेवायचे. आणि त्या तोंडाला डोळे अजून केलेलेही नसायचे! मी हिंगोलीत नवी सून म्हणून आले, तेव्हापासून भिंतीपलीकडच्या त्यांच्या ठकठकीनं माझा दिवस उजाडायचा.

चाचा मोहरमच्या मिरवणुकीतले अलम, म्हणजे काठीवर मिरवायची पितळी निशाणं, घडवत. मधे पंजा आणि दोन्ही बाजूंना जबडा वासलेले अजदहे, म्हणजे तोंडातून आग ओकणारे अजस्र साप. त्याच हातोडीनं ते महादेवाच्या पिंडीवरचा नागही घडवत. नागाला डोळे लगेच मिळत, अजदह्यांना मात्र मिरवणुकीच्या सकाळी. खिळ्याचा एकेक ठोका, की झालं.

"डोळा उघडला की त्याला राखायला कायतरी लागतं, सूनबाई. रिकामा ठिवला तर घरातलीच माणसं मोजत बसतो."

मी हसायचे. पण त्यांच्या दुकानावरून जाताना पदर सावरून भरभर चालायचे, हेही खरं.

लढाईवरून परतलेल्या एका शिपायानं त्यांना चिनी कप दाखवला. त्यावर मिशाळ, चार पायांचा अजदहा होता.

"तिकडं हा पाऊस पाडतो म्हणतात," शिपाई म्हणाला.

चाचांनी कप उन्हात धरून पाहिला. "डोळे उघडे हायेत ह्याचे. ह्यात चहा पिऊन झोप येते तुला?"

बाजारात एका पाद्र्यानं भाल्यानं अजदहा मारणाऱ्या घोडेस्वाराचं चित्र दाखवलं, तेव्हा मात्र ते चिडले. "काहून मारला? त्यानं जे राखलं, तेच पायजे आसंल ह्याला!"

निजामाचं राज्य गेलं, त्या दिवसांत शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर भरवसा उरला नव्हता. मोहरम अजून लांब होता. तरी भरदुपारी भिंतीपलीकडून खिळ्याचे ठोके ऐकू आले. अजदह्यांचे डोळे उघडले जात होते.

थोड्या वेळानं चाचा चाचीला घेऊन आमच्या दारात उभे. त्यांनी दोन्ही अजदहे आमच्या चौकटीला टांगले. "लेक कनेरगावच्या नाक्याला हाय. तिला घेऊन येतो. तवर चाची तुमची."

"नका जाऊ, चाचा," मी म्हणाले.

"लेकरू हाय माझं," एवढंच बोलून ते निघाले.

दिवेलागणीला मुसलमानांची घरं हुडकत काठ्या घेतलेली माणसं आली. "आत कोन हाय?" पुढच्यानं विचारलं. त्याची नजर चौकटीकडे गेली आणि तिथंच अडकली. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी ती पितळी तोंडं हळूहळू त्याच्याकडे वळत होती. तो मागे सरला. सगळे निघून गेले. त्यांनी काय पाहिलं, ते मला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी लेक आली. शेतांतून, आडवाटेनं, एकटीच. बाप तिला भेटलाच नव्हता. चाचांना पुन्हा कोणीही पाहिलं नाही.

चाची आमच्या उंबऱ्यात बसून चौकटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोनी इथंच टांगून गेले. येक तरी संगं न्यायचा व्हता."