भिमाजी सरांचा अगदी रिकामा डबा

राजुरीच्या हायस्कुलात भिमाजी सरांनी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या गावाला शिकवायला घेतलं. कुणी चहा पिऊन कप खाली ठेवला, की सर लगेच दुरुस्ती करायचे. "चहा संपला, कप रिकामा नाही. आत हवा आहे. खरं रिकामं म्हणजे निर्वात. ते तुमच्या नशिबात नाही." जशी काही निर्वाताची एजन्सी सरांकडेच होती.

मी त्यांचा विद्यार्थी. आठवीत त्यांचा मार खाल्ला, आता दूध काढायच्या मशीनी दुरुस्त करतो.

सरांना दोस्त एकच, समोरच्या घरातला गोरख. पहिलीपासून दोघं एका बाकावर. गेल्या वर्षी डेअरीच्या कट्ट्यावर सर सांगत होते, की विश्वातून सगळं काढून टाकलं तर शेवटी निव्वळ काहीच नाही, एवढं उरेल.

गोरख म्हणाला, "पन उरलं का न्हाई हे बघाया कोन ऱ्हाईल? बघनारा आसंल तर कायतरी हायेच की. आन बघनाराच न्हाई, तर उरलं हे ठरीवलं कुनी?"

कट्टा हसला. सरांना ते झोंबलं. "चौथी नापास माणसानं मला शिकवू नये. आजपासून आपल्यात काही राहिलं नाही," असं म्हणून ते उठले. झालं! सत्तरीतली दोन माणसं शून्यावरून अबोला धरून बसली. बांधावरून भांडले असते तर निदान मोजणीवाला तरी बोलावता आला असता.

बायकांनी हा अबोला मनावर घेतला नाही. गोरखच्या बयाबाईंचा ॲल्युमिनियमचा डबा मासवड्या घेऊन यायचा. सरांच्या साळुबाई त्यात पुरणपोळी, काही नसलं तर मूठभर साखर घालून परत पाठवायच्या. रिकामं भांडं परत करायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. अकरा महिने त्या डब्याची ये-जा चालू होती आणि नवरे मुके होते.

मग गोरखच्या मुलानं मोशीला फ्लॅट घेतला. आईवडलांना कायमचं न्यायचं ठरलं. रविवारी दुपारी निघायचं होतं आणि बयाबाईंचा डबा अजून सरांच्याच घरी होता.

सकाळी साळुबाई म्हणाल्या, "अवो, आता तरी जाऊन बोला. मी लाडू भरून देते, डबा तुमीच न्या."

सरांनाही बोलायचं होतं, पण आधी जिंकून. "डबा मीच नेणार," ते म्हणाले, "आणि रिकामा नेणार. अगदी रिकामा. काहीच नाही म्हणजे काय, ते त्याला हातात देणार."

त्यांनी मला दूधमशीनचा हवा ओढायचा पंप घेऊन बोलावलं. त्यांची नात हर्षाली पुण्यात भौतिकशास्त्र शिकते. तिनं फोनवर सांगून पाहिलं. "आबा, सगळी हवा काढली तरी डब्याच्या भिंतींची उष्णता आत फिरत राहते. तीही थांबवली तरी रिकाम्या जागेत बारीकशी थरथर उरतेच, ती काढताच येत नाही. साफ काहीच नाही, असं अजून कुणालाच सापडलेलं नाही."

"त्यांनी राजुरीत शोधलं नसेल," असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

झाकणाला भोक पाडून मी नळी बसवली, कडेनं एमसील लावलं. दुसऱ्याच्या डब्याला भोक पाडताना जिवावर आलं होतं, पण आठवीतली भीती अजून गेलेली नाही. पंप सुरू झाला, काटा सरकू लागला, तसे सर ताठ होत गेले. "बघ, शून्य येतंय!"

शून्य काही आलं नाही. धाडकन आवाज झाला आणि डब्याच्या दोन्ही बाजू आत गेल्या. बाहेरच्या हवेनं डबा दाबून चपटा केला होता. हाच प्रयोग सर दरवर्षी वर्गात रॉकेलच्या डब्यावर करून दाखवायचे. हवेचा दाब विसरलो म्हणून मला त्यांनी छडीही दिली होती. मी खाली मान घालून उभा राहिलो, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

साळुबाई बाहेर आल्या, डबा बघितला आणि "झालं समाधान?" एवढंच म्हणून आत गेल्या.

सर चेपलेला डबा उचलून रस्ता ओलांडून गेले, अकरा महिन्यांत पहिल्यांदा. पंप तसाच टाकून मी मागोमाग गेलो. गोरख ओट्यावर एक शेवटचं गाठोडं बांधत होता. त्यानं डबा हातात घेऊन उलटापालटा केला.

"ह्यात काय हाय?"

"काही नाही," सर म्हणाले. वर्गातला आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"आन आपल्यात अकरा म्हैनं काय नव्हतं, व्हय? तुजं मोतीबिंदूचं आपरेशन झालं नारायणगावला, तवा मी दिसभर दवाखान्याभाईर जीपमधी बसलो व्हतो. ते कशात धरायचं?"

"आत का नाही आलास?"

"तू बोलत नव्हतास."

सर ओट्यावर बसले आणि रडायला लागले. मला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढं शिकलेल्या माणसानं एवढं वर्ष फुकट घालवावं?

"मी हरलो, गोरख. लिहून देतो. कट्ट्यावर सगळ्यांसमोर सांगतो. तू जाऊ नको."

गोरखनं गाठ आवळली. उघड्या दारातून आत नुसती फरशी दिसत होती.

"टेम्पो पहाटंच गेला समदं घेऊन," तो म्हणाला. "घरात तांब्या बी ऱ्हायला न्हाई, भिमा. न्हाईतर आदी तुला पानी दिलं आसतं."