जुन्या ट्रकचा पंप

अकोल्यात स्पेअर पार्टच्या दुकानात ती मला एकदाच दिसली. नवऱ्यामागे त्याचा जुना ट्रक तीच चालवायची. टाकीतून डिझेल ओढणारा पंप बिघडला, म्हणून दुसरा घ्यायला आली होती.

"ट्रक विका आता," दुकानदार म्हणाला. "नाही तं पंप पाहाले घरचा माणूस पाठवा."

"घरचा माणूस मीच आहो. काढा पंप."

ती एकेका पंपाच्या तोंडावर अंगठा दाबायची, दांडी हलवायची आणि ओढ कमी वाटली की तो बाजूला सारायची. तिसरा तिला पटला. रस्त्यावरच तिनं तो बसवला. बऱ्याच खटपटीनंतर इंजिन धडधडलं.

दुकानदार दारात आला. "धारणीच्या घाटात बंद पडला तं?"

पदर खोचून ती स्टिअरिंगवर बसली. "तं उतरून पाहीन. तुमाले बोलवाले येनार नाही."