तुरीदची शेवटची चाचणी

तुरीद होव्दे आमच्या त्रोन्डहाइमच्या कचेरीत एकवीस वर्षं चाचण्या लिहीत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी भिंतीवर आमची स्क्रीन असते. पडलं-झडलं तर तिच्यावरचं बटण दाबायचं, मदत येते. त्या स्क्रीनचा एकेक भाग सुटा काढून तपासणारे छोटे प्रोग्रॅम ती लिहायची. भाग नीट वागला तर हिरवं, चुकला तर लाल.

तिच्या चाचणीचं नाव म्हणजे सरळ वाक्य. "ओडवारचा हात थरथरतो, बटण दोनदा दाबलं जातं, हाक मात्र एकदाच जाते." मी एकदा 'बटण चाचणी सात' असं नाव दिलं, तर म्हणाली, "अरे शहाण्या, हे लाल झालं तर कुणाचं काय बिघडलं ते कळणार कसं?"

माणसांची नावं ती पेपरातल्या मृत्यूच्या बातम्यांतून उचलायची, तीही आमची स्क्रीन घरी असलेल्यांचीच. माझ्या अंगावर काटा यायचा. ती तपकिरी चीज लावलेला पाव खात शांतपणे म्हणायची, "यांनी एकदा मदतीची वाट पाहिलीय, आस्लाक. पुन्हा नको."

निवृत्तीच्या शुक्रवारी, निरोपाचे गोड वाफल खाऊन झाल्यावर, तिने शेवटची चाचणी लिहिली: "तुरीद डाव्या हाताने एकदाच बटण दाबते, वाचा गेली आहे, स्क्रीनच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, तीस सेकंदांनी हाक आपोआप जाते."

"मेलेल्यांच्या ओळीत स्वतःचं नाव? काय अभद्र बाई आहेस!" मी म्हणालो.

"माझं नाव असलं की तू पुसणार नाहीस."

चाचणी लाल होती, कारण तशी सोयच नव्हती. 'नक्की मदत हवी?' असं विचारून, उत्तर आलं नाही की आमची स्क्रीन विझून जायची. सोमवारी नवी आवृत्ती घरोघरी पाठवायची होती आणि एका लाल खुणेपायी सगळं अडलं असतं. मी चाचणी पुसली नाही. नुसती वगळली, म्हणजे ती चालवायचीच नाही अशी खूण केली, म्हटलं नंतर बघू.

मार्चमध्ये शेजाऱ्याला तुरीद स्वयंपाकघरात मेलेली सापडली. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली होती, असं डॉक्टर म्हणाले. तिच्याही भिंतीवर आमची स्क्रीन होती, तिची नोंद मीच वाचली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बटण एकदा दाबलं. प्रश्न आला. उत्तर नाही. स्क्रीन विझली. सगळं तिच्या वाक्याबरहुकूम, शेवट तेवढा आमचा. मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज.

मग त्या दिवसाचा आमच्या चाचण्यांचा अहवाल उघडला. हिरव्या चारशे बारा, लाल एकही नाही, वगळलेली एक.

ती सोय करायला मला अर्धा दिवस लागला.