गॅरेजातला अर्धा घोडा

सायातचा खोकला शोल्पानच्या डोक्यातून काही जात नव्हता. तसा मोठा नव्हता तो. पण गॅरेजातून निघायचा, भिंत ओलांडायचा आणि नेमका ती चहात दूध ओतत असताना घरात यायचा. पोरगा एखाद्या हिवाळ्यात त्या गॅरेजातच आडवा होईल, नाहीतर कंटाळून घर सोडून जाईल, या दोन भीतींमध्ये तिचा दिवस वाटून गेलेला असे.

सायात एकुलता एक. तिशी उलटली, लग्नाचं नाव काढत नाही, आणि धंदा काय, तर लाकडी पाळणे करायचे! कोक्शेताऊ शहरात कुणाच्या घरी बाळ आलं की त्या घरची आजी आधी सायातचं दार ठोठावते.

"जगाची नातवंडं झोपवतोस, माझं काय?" शोल्पान विचारी.

"तुझा पाळणा तयार आहे आई, गिऱ्हाईक तेवढं यायचंय."

घरची गाडी विकल्यापासून गॅरेज त्याचंच होतं. पण उणे तीसमध्ये सरस धरत नाही, आणि रंध्याचं पातं बोटांची साल काढतं. त्याचं मागणं साधं होतं: भिंतींना आतून ग्लासवूलचं अस्तर लावू आणि कोपऱ्यात एक लोखंडी शेगडी ठेवू.

अडचण एकच होती, आणि ती आढ्याला टांगलेली होती. हिवाळा तोंडावर आला की घोडा कापायचा आणि मांस गॅरेजात गोठवून वसंतापर्यंत पुरवायचं, हा घरोघरचा रिवाज. त्यात यंदाचा घोडा अर्धाच यांचा. उरलेला अर्धा शोल्पानच्या थोरल्या दिरांचा. ते नवव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरात पियानो आहे, झुंबर आहे, घोड्याला मात्र जागा नाही.

घोडा कापल्यावर थोरामोठ्यांना जेवायला बोलवायचं असतं. त्याच पंगतीत सायातने शेगडीचा विषय काढला.

"शेगडी?" थोरल्या दिरांनी मांसाचा तुकडा हवेतच थांबवला. "अरे, आपले बापजादे उघड्या माळावर राहिले. त्यांना कुठं होतं तुझं ग्लासवूल?"

"तंबूला लोकरीचे जाड दुहेरी नमदे होते, काका. आणि मधोमध चूल."

"मेइराम, तुझं पोरगं फार बोलतं हं." ते आता भावाकडे, शोल्पानच्या नवऱ्याकडे, वळले. "थंडीनं माणूस टिकतो. हे मांसच बघ, कसं टिकतं ते!"

मांस मेलेलं असतं, हे शोल्पानच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मोठ्यांच्या पंगतीत सुनेचं काम चहा देण्याचं. चहा द्यायचा तोही अर्धी वाटी, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा मागता येतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे 'आता उठा'. रागाच्या भरात तिच्या हातून दिरांची वाटी काठोकाठ भरली गेली.

सगळ्यांचे डोळे त्या वाटीवर गेले.

"हात थरथरतो हल्ली तिचा," मेइराम घाईघाईने म्हणाला, आणि भावाच्या वाटीतला अर्धा चहा स्वतःच पिऊन टाकला.

वातावरण सावरायचं म्हणून त्याने तिथंच निवाडाही देऊन टाकला. अस्तर लावायचं, शेगडी ठेवायची नाही. पोराचंही राहिलं, भावाचंही राहिलं. अशी अक्कल आपल्या नवऱ्याला आयत्या वेळी कुठून सुचते, हे शोल्पानला कधी कळलं नव्हतं.

चारी भिंतींना गादीसारखं जाड अस्तर बसलं. बाहेर कधीमधी ऊन पडून हवा जराशी सैल होई, पण गॅरेजातली थंडी आता तिथून हलायलाच तयार नव्हती. मेइराम रोज आत डोकावून मांसावर बोट वाजवी आणि खूश होऊन येई. "दगड आहे दगड!"

सायातच्या बोटांवर कुणी वाजवून पाहिलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी तो जेवता जेवता म्हणाला, "आस्तानाहून बोलावणं आलंय. दारांचा कारखाना आहे. सोमवारी कळवायचंय."

"आणि पाळणे?" शोल्पानने विचारलं.

"दारं, आई. तिथं फक्त दारं करतात. पण आत नुसत्या सदऱ्यावर काम करता येतं म्हणे." तो हसायला गेला आणि खोकला. मग ताट उचलून आत निघून गेला.

मेइराम बराच वेळ भाकरीचे तुकडे करत बसला. "जाऊ दे," तो म्हणाला. "गॅरेज मोकळं होईल. पुढच्या वर्षी एखादी मेंढीही टांगता येईल." हे म्हणताना त्याने बायकोकडे पाहायचं टाळलं.

शोल्पानने हात पुसले आणि खिडकीतला फोन उचलला.

"कुणाला?"

"तुमच्या भावाला."

"आत्ता? कशाला?"

"आपलं मांस मागच्या पडवीत मावतं. त्यांचं मावत नाही. उद्या गाडी घेऊन या आणि तुमचा अर्धा घोडा घेऊन जा, असं सांगते. परवा शेगडी बसेल."

"अगं, वेड लागलं का? लग्न होऊन आलीस तेव्हापासून त्यांचं नावसुद्धा घेतलं नाहीस तू!"

"नाव कुठं घ्यायचंय," ती नंबर शोधत म्हणाली. "घोड्याचंच तर बोलायचंय."